मोफत पुस्तकांचा फायदा नेमका कोणाला होतो?

पारावरचा:
तालुक्याच्या ‘ब’ वर्ग वाचनालयाच्या (अनुदानासाठी सरकार वाचनालयांचे ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग पाडतं) कार्यकारिणीत मी चार वर्षं आहे. सभासदांची वही चाळली की दिसतात शिक्षक, बँकवाले, निवृत्त कारकून. मागच्याच गल्लीत हमाल राहतात, वीटभट्टीवर जाणारी माणसं राहतात. त्यांच्यातलं एकही नाव नाही. वर्गणी दोन-तीन वडापावांइतकी! माझं स्पष्ट मत, अनुदानावरची वाचनालयं म्हणजे खात्यापित्या घरांना मिळालेली सवलत. त्यापेक्षा पुस्तक थेट मुलाच्या हातात द्या. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. तिथे बापाची मिळकत आड येत नाही, कारण पुस्तक बाकावर येतं.

माजी ग्रंथपाल:
वर्गणी सांगितलीत, अनामत गिळलीत. शिवाय रहिवासाचा पुरावा, वर जुन्या सभासदाची सही. भाड्याच्या खोलीतल्या हमालाने सही कोणाची आणायची? आणि संध्याकाळी तो घरी पोचेपर्यंत तुमचं कुलूप लागलेलं असतं. नोकरीत असताना मी धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंच्या मुलीला अनामत न घेता पुस्तकं द्यायचो. कार्यकारिणीने लेखी खुलासा मागितला. तिची सगळी पुस्तकं परत आली. एका डॉक्टरांकडे गेलेला दिवाळी अंक मात्र अजून यायचाय.

पारावरचा:
किस्सा छान आहे. पण तपासणीत पुस्तकं कमी भरली तर जबाब कार्यकारिणीलाच द्यावा लागतो.

सातबारा:
तुम्ही दोघंही देवघेवीच्या खिडकीपाशीच अडकलात. ऐपत असलेला आता पुस्तक घरपोच मागवतो, नाहीतर वाचतच नाही. जरा अभ्यासिकेत डोकवा. पुण्यातल्या खासगी अभ्यासिकेचं भाडं झेपेना म्हणून मी गावी परतलो. आता रोज सकाळपासून तालुक्याच्या वाचनालयात बसतो, स्पर्धा परीक्षेसाठी. आजूबाजूची निम्मी पोरं कोरडवाहू शेतकऱ्यांची. आम्ही पुस्तक घरी नेत नाही, म्हणून तुमच्या वहीत आमची नावं नाहीत.

पारावरचा:
पण पुस्तकं तर तुम्ही स्वतःचीच आणता. मग वाचनालयाने काय दिलं?

सातबारा:
खुर्ची, ट्यूबलाइट आणि शांतता. घरी एक खोली, त्यात टीव्ही आणि आजोबांचा खोकला. शिवाय चार वर्तमानपत्रं. ती घरी कोण घेतं?

कागदी होडी:
पाठ्यपुस्तकांचं कौतुक आठवीपर्यंतच हं. नववीला त्याच बापाने खिशात हात घालायचा. 2023-24 मध्ये तर पुस्तकातच वहीची कोरी पानं आली. हेतू चांगला, दप्तर हलकं होईल, वह्यांचा खर्च वाचेल. पण लिहून भरलेलं पुस्तक धाकट्याला काय देणार? 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला.
राहिली वाचनालयं. मद्रासच्या 1948 च्या ग्रंथालय कायद्यात उपकराची, म्हणजे वाचनालयांसाठी थोड्या जादा कराची, सोय होती, कर्नाटकातही आहे. आपल्या महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात ती नाही. सगळी भिस्त अनुदानावर. ‘ड’ वर्गातल्या ग्रंथपालाला हातात काय पडतं ते विचारा, मग त्याला रात्री नऊपर्यंत थांबायला सांगा.

माजी ग्रंथपाल:
रात्री नऊ नको. निदान बाजाराच्या दिवशी दुपारी उघडा, आणि शाळकरी मुलांची अनामत वर्षभर माफ करून बघा. वाईटात वाईट काय होईल? पन्नास पुस्तकं जातील.

पारावरचा:
पन्नास गेली तर भरणार कोण, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही. तरी विषय सभेत मांडतो. पडेल बहुतेक, कारण ते डॉक्टर आमचे अध्यक्ष आहेत.