तळीचा आराखडा काठापासून की सड्यापासून?

डिचोलीकर
गोव्यातल्या आमच्या गावच्या तळीसाठी पुढच्या ग्रामसभेत ठराव येतोय: काठाला दगडी भिंत, फरसबंद वाट, दिवे, चार बाकडी. माझा विरोध आहे. तळी मरते ती वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर; काठावर नाही.

गेल्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला तेव्हा तळीत येणाऱ्या व्हाळाच्या (ओढ्याच्या) तोंडाशी उभा होतो. पाणी लाल, ओंजळीत घेतले तर तळहातावर बारीक चिखल उरला. आम्ही लहान असताना भर पावसातही याच व्हाळात तळाचे गोटे दिसायचे. वर उतार कापून प्लॉट पाडलेत, त्यांची ती माती. जांभ्या दगडाच्या सड्यात पाऊस मुरतो, झरीतून (झऱ्यातून) सावकाश बाहेर येतो, म्हणून वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातशेतीला, पाणी पुरते. सडा सपाट करून काँक्रीट ओतले की तेच पाणी तासाभरात खाली धावणार आणि उन्हाळ्यात झर आटणार.

आधी पाणलोटाचा नकाशा करा. सडा, झरी, व्हाळ, तळी, खालची शेते, सगळे एका कागदावर. भिंतीचे मग बघू.

सड्यावरचा
वर माझाही तुकडा आहे. आजोबा कूळ होते, कसून कसून मिळालेली जमीन. मुलीच्या घरासाठी ठेवली आहे. बाहेरच्यांनी डोंगर कापून व्हिला बांधले तेव्हा नकाशा कोणी काढला नाही, आता गावच्या माणसाची पाळी आली तर पाणलोट आठवला! माझ्या जमिनीवर नकाशात 'इथे बांधकाम नको' असा हिरवा रंग मारलात तर बँक मला कर्ज देईल का? आधी त्याचे उत्तर द्या.

कायदा वाचणारी
भिंत मलाही आवडत नाही, पण हद्द ठरलीच पाहिजे. आमच्या वाड्यावर तळीची कड दर वर्षी ट्रॅक्टरभर मातीने आत सरकत गेली, कोणाला कळलेही नाही.

आणि 'कायदा आहे ना' म्हणून स्वस्थ बसू नका. २०१७ च्या पाणथळ नियमांत पूररेषेपासून ५० मीटरपर्यंत पक्क्या बांधकामाला मनाई आहे, हे खरे. पण सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय त्यांच्या व्याख्येतूनच वगळले आहेत. गोव्यातल्या कितीतरी तळ्या पूर्वजांनी शेतीसाठीच बांधल्या. म्हणजे नेमका आपला मुद्दा कोर्टात अडकू शकतो. त्यापेक्षा पंचायतीच्या जैवविविधता समितीकडून तळीची नोंद करून घेऊया.

डिचोलीकर
हद्दीला जांभ्याचे खांब पुरेत. भिंत घातली की उथळ काठ जातो. करमळीच्या तळीत देवभात (रानटी भात) उगवते ते उथळ पाण्यातच, आणि अडयांचे (रानबदकांचे) थवेही तिथेच उतरतात. कुडचड्याचे नंदा तळे बघा: ४२ हेक्टर, २०२२ मध्ये गोव्यातले पहिले रामसार स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. तिथे साठवलेल्या पाण्यावर खालची भातशेती होते. वापर आहे म्हणून लोकांना ते आपले वाटते.

सड्यावरच्या दादांना सांगतो, घर बांधू नका असे मी म्हणत नाही. उतार न कापता जोते पायऱ्यांनी घ्या, छपराचे पाणी खड्ड्यात मुरवा. शंभर प्लॉट पाडणाऱ्याला मात्र हे पुरणार नाही.

वायंगणवाला
तुम्ही नकाशावर भांडता, तळीचे पाणी सोडायच्या दाराचे कोणी बोलत नाही. ते कधी उघडायचे हे पूर्वी गावकार (गावच्या मूळ घराण्यांतली माणसे) बसून ठरवायचे. आता मासळीचा लिलाव घेणारा तळी लवकर रिकामी करायला बघतो, आणि माझे रोप पाण्यावाचून पिवळे पडते. आराखड्यात तारीख नसेल तर त्या कागदाचा मला काय उपयोग?

सड्यावरचा
वायंगणवाल्यांचे बरोबर आहे, तारीख घाला. माझेही एक घाला: गावच्या माणसाच्या एका घराला सूट, आणि ती ठरावाच्या पहिल्याच ओळीत. तेवढे लिहिलेत तर नकाशासाठी माझ्या बांधावरून मीच तुम्हाला झरीपर्यंत नेतो. नाहीतर ग्रामसभेत उभा राहून विरोध करणार.