मदत हवी आहे: कॉपर क्लॅड बोर्ड कापताना कड फुटते

सोल्डरवाला: सर्किटसाठीच्या, तांब्याचा पातळ थर असलेल्या १५० × १०० मिमीच्या शीटमधून ७० × ५० चे चार तुकडे काढायचे आहेत. पत्र्याच्या कात्रीने कड फुटते, हॅक्सॉने रेघ वाकडी जाते. रविवारपर्यंत बोर्ड जोडून हवेत. उपाय सांगा.

तांबट: बोर्ड कुठला? ग्लास इपॉक्सी (काचतंतूंचा) की पेपर फिनोलिक (कागद आणि राळेचा)? जाडी किती? हॅक्सॉचं पातं किती दात्यांचं? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार!

गरगर: मिनी ड्रिलला डायमंड डिस्क लावा, पाच मिनिटांत काम संपेल. कोणताही बोर्ड असो.

तांबट: @गरगर, ग्लास इपॉक्सीवर डिस्क चालते, पण काचेची बारीक धूळ खोलीभर उडते. एन-९५ मास्क, चष्मा आणि ओलं फडकं हवंच. फिनोलिकवर डिस्क जरा रेंगाळली की कड करपते.

सोल्डरवाला: तपकिरी, अपारदर्शक बोर्ड आहे. १.६ मिमी, एका बाजूला तांबं. पातं दुकानदाराने दिलं तेच.

तांबट: म्हणजे पेपर फिनोलिक. कात्री विसरा. कात्रीत बोर्ड वाकतो, आणि फिनोलिक वाकत नाही, तडकतं.

खाचपट्टी: यावर अॅक्रिलिक कटरच (ओढून खाच पाडणारा आकडी पात्याचा चाकू) चालवा. स्टीलची पट्टी दोन क्लॅम्पनी घट्ट बसवा. आधी तांब्याच्या बाजूने हलक्या हाताने आठ-दहा वेळा ओढा; पहिल्याच फेरीत जोर दिला की कटर रेघ सोडतो. मग उलट बाजूला अगदी त्याच रेषेवर. दोन्हीकडे अर्धा-अर्धा मिमी खोल खाच हवी. खाच टेबलाच्या धारेवर ठेवा, वरून लोखंडी अँगल दाबा आणि एका झटक्यात मोडा. खाच कडेपर्यंत गेली नसेल तर टोकाला ढलपी निघते, बहुतेक घोळ तिथेच होतो.

गरगर: चार तुकड्यांसाठी एवढा खटाटोप? हॅक्सॉने पण होतं.

खाचपट्टी: होतं, पण पातं इंचाला ३२ दात्यांचं हवं. १.६ मिमीत त्याचे जेमतेम दोन दाते बसतात, १८ च्या पात्याचा एकच, म्हणून ते अडकून ढलपे काढतं. पातं आडवं, कमी कोनात धरा म्हणजे जास्त दाते लागतात. तांबं वर ठेवा आणि खाली भंगार प्लायवूड, कारण दाता बाहेर पडतो तिथे कड फुटते. शिवाय पात्याची वाट साधारण एक मिमी खाते, १०० मिमीतून ५० चे दोन पूर्ण निघणार नाहीत.

भोकपाडू: ०.८ मिमीचं कार्बाइड बिट हँड ड्रिलमध्ये लावू नका, जरा तिरकं गेलं की मोडतं. ड्रिल स्टँड घ्या.

सोल्डरवाला: भोकं पाडून झालीत हो. एचिंगही (नको असलेलं तांबं रसायनाने काढणं) झालंय, ट्रॅक (उरलेल्या तांब्याच्या रेघा) कडेपासून २ मिमीवर आहेत.

तांबट: हे आधी सांगायचं ना! पुढच्या वेळी आधी कापा, मग एचिंग. आता ट्रॅकवर मास्किंग टेप चिकटवा आणि खाचपट्टी म्हणतात तसं करा. मोडण्याआधी हेअर ड्रायरने बोर्ड हाताला गरम लागेल इतका तापवा, फिनोलिक कमी ठिसूळ होतं. कड २२० च्या पॉलिश पेपरवर घासा, पेपर सपाट काचेवर ठेवून. कानस चालवायची तर तांब्याकडून खाली, उलट चालवली की तांबं सुटतं.

सोल्डरवाला: कटर आणला. आधी वाया गेलेल्या तुकड्यावर करून बघतो. खाच आतल्या भोकांवरून जात असेल तर?

खाचपट्टी: मग मोडू नका. तेवढी रेघ ३२ च्या पात्याने कापा, नाहीतर तडा भोकाभोकातून जाईल.