‘इलाज नाही’ म्हणजे नेमकं काय?

मूळ प्रश्न (इंदूर, रामबाग)

मंडळी, एका शब्दाने आमच्या घरात दोन दिवस कुणाला जेवण गोड लागलं नाही, म्हणून विचारते आहे.

माझी आत्या ७१ वर्षांची. सहा महिने खोकला जाईना, म्हणून थुंकी तपासली. क्षयाचे जंतू निघाले नाहीत, पण कल्चरमध्ये (थुंकीतले जंतू वाढवून पाहतात ती तपासणी), तेही दोन वेगळ्या नमुन्यांत, ‘मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स’ वाढले. हे क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद. मातीत, पाण्यात, नळाच्या पाइपातही राहतात. सीटी स्कॅनमध्ये बारीक गाठी आणि थोड्या रुंदावलेल्या श्वासनलिका दिसल्या, पोकळी नाही. ताप नाही, वजन टिकून आहे. डॉक्टर हिंदीत म्हणाले, “अभी इलाज नहीं करेंगे, निगरानी रखेंगे.”

आत्याने संध्याकाळी पुण्याला मुलाला फोन केला: “अरे, डॉक्टर म्हणाले, सध्या इलाज नाही.” आतेभाऊ त्याच रात्रीच्या बसने निघाला. सकाळी दारात उभा राहिला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते.

आम्ही इंदुरात ‘इलाज कुठे चालू आहे?’ असं रोज विचारतो. इथे इलाज म्हणजे औषधपाणी. पुण्याकडे हा शब्द जास्त करून नकारातच ऐकू येतो: ‘काही इलाज नाही’, ‘नाइलाजाने’. आजार आहे, औषधही आहे, पण आज सुरू करायचं नाही. या निर्णयाला मराठीत काय म्हणावं, म्हणजे आजारी माणसाला आपल्याला सोडून दिलं असं वाटणार नाही?

प्रतिसाद (इंदूर, सुदामानगर, निवृत्त शिक्षक)

ताई, शब्द मूळचा अरबी. हिंदीत त्याचा ‘लाइलाज’ झाला आणि तो रोगाला चिकटला. मराठीत ‘नाइलाज’ झाला आणि तो माणसाला चिकटला. लाइलाज असतो तो आजार, नाइलाज होतो तो आपला. तुमच्या आतेभावाला आईचं वाक्य ऐकून हे दोन्ही एकदम भेटले असणार.

‘उपचार’ हा शब्द मला जास्त प्रिय आहे. उप म्हणजे जवळ, चर् म्हणजे वावरणे. पूजेतले षोडशोपचार आठवा: आसन, पाद्य, अर्घ्य… जवळ राहून केलेली सेवाच ती. या अर्थाने गोळी दिली नाही तरी उपचार चालूच असतो. अडचण एकच, ‘उपचार म्हणून जाऊन आलो’ यातला कोरडेपणाही त्याच शब्दात आहे.

आणि ‘चिकित्सा’ विसरू नका. आपल्या इंदूरच्या एम.वाय. रुग्णालयाचं पूर्ण नाव महाराजा यशवंतराव चिकित्सालय. हिंदीत चिकित्सक म्हणजे डॉक्टर. मराठीत चिकित्सक म्हणजे खोलात जाऊन तपासणारा, सहज न पटवून घेणारा. संस्कृत धातूत जाणणे आणि बरे करणे हे दोन्ही अर्थ आहेत. तुमच्या डॉक्टरांनी आज औषध दिलं नाही, पण चिकित्सा मात्र केली आहे.

प्रतिसाद (वडोदरा, छातीविकार विभागात काम करते)

शब्दांबद्दल मला कमी कळतं, पण या निर्णयाच्या आत काय असतं ते सांगते, म्हणजे शब्द निवडणं सोपं जाईल.

नमुन्यात जंतू सापडणं आणि त्यांनी आजार करणं या दोन गोष्टी आहेत. कधी जंतू नुसतं बिऱ्हाड करून असतात. म्हणून लक्षणं, स्कॅन आणि किमान दोन थुंकींचं कल्चर, तिन्ही जुळवून पाहतात. ते जुळलं तरी औषधांचा रस्ता लांब आहे: अझिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल, रिफॅम्पिसिन ही तिन्ही मिळून, आणि थुंकीत जंतू येणं थांबल्यावर त्यापुढे निदान वर्षभर. इथॅम्ब्युटॉलने नजरेवर, लाल-हिरवा ओळखण्यावर परिणाम होऊ शकतो. अझिथ्रोमायसिन एकटं तर मुळीच घेऊ नये; जंतू त्याला दाद देईनासे होतात आणि मुख्य औषधच हातचं जातं.

२०२०च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा कल, निदान पक्कं झालं की थांबण्यापेक्षा औषध सुरू करण्याकडे आहे, विशेषतः सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीच्या स्लाइडवरच जंतू दिसले किंवा फुफ्फुसात पोकळी पडली असेल तर. पण सौम्य आजारात वय, वजन, बाकीचे आजार आणि रुग्णाची स्वतःची इच्छा बघून थांबताही येतं. मात्र थांबणं म्हणजे स्वस्थ बसणं नव्हे. ठरावीक काळाने थुंकी, वजन, गरजेप्रमाणे स्कॅन, कफ सुटण्याचे श्वासाचे व्यायाम हे सगळं चालू असतं. म्हणून ‘वाट पाहणे’ मला अजिबात पटत नाही. त्यात कुणीच काही करत नाही.

एक विनंती. या जंतूंना ‘क्षयेतर’, म्हणजे क्षयाच्या जंतूंहून वेगळे, म्हणतात. हा शब्द बरोबर असला तरी लोकांना त्यातला ‘क्षय’च ऐकू येतो. आत्यांचा आजार सहसा माणसाकडून माणसाला होत नाही, हे शेजारीपाजारी स्पष्ट सांगा. त्यांचा कप वेगळा काढायची काही गरज नाही.

प्रतिसाद (ग्वाल्हेर)

डॉक्टरांच्या वाक्यातच उत्तर आहे की! निगरानी. ‘पाळत’ चोरावर, ‘नजर’ संशयिताची, ‘देखरेख’ बांधकामावर. पण निगा? फारसी निगाह म्हणजे दृष्टी. मराठीत येता येता ती माया झाली. निगा आपण बाळाची राखतो, तुळशीची राखतो.

मूळ प्रश्नकर्ती (इंदूर, रामबाग)

कपाची गोष्ट वाचून गप्प झाले. आत्याने स्वतःच आपला कप वेगळा काढला होता, आम्हाला कळलंही नव्हतं. आज सकाळी पोह्यांनंतरचा चहा तिला पुन्हा आमच्यातल्याच कपात दिला.

‘निगा’ तिला फार आवडला. आतेभाऊ अजून इथेच आहे. पुढच्या तपासणीच्या तारखेवर कॅलेंडरमध्ये त्याने ‘थुंकी देणे’ असं लिहिलं होतं, आत्याने त्याच्याखाली ‘निगा चालू’ असं लिहिलं. आता घरात वाद आहे तो एवढाच: ‘आत्या निगेत आहे’ म्हणायचं की ‘निगेखाली’? मला ‘निगेत’ बरं वाटतं. तुम्ही काय म्हणाल?