आयव्हीएफने राहिलेले दिवस म्हणजे सरसकट 'हाय रिस्क' का? मदत हवी आहे

गोदाकाठ (धागाकर्ती):

नमस्कार. मी ३४ वर्षांची असून नाशिकला राहते आणि सध्या मला पंधरावा आठवडा चालू आहे. लग्नानंतर सहा वर्षे वाट पाहून आम्ही आयव्हीएफकडे (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांकडे) वळलो. यजमानांच्या शुक्राणूंची संख्या फार कमी असल्यामुळे इक्सी (एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत) करावी लागली. माझ्या स्वतःच्या तपासण्यांत मात्र काही दोष निघाला नव्हता. पहिले ट्रान्सफर (तयार गर्भ गर्भपिशवीत सोडणे) फसले. दुसऱ्या वेळी गर्भपिशवीचे अस्तर वाढण्यासाठी गोळ्या नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त दिवस घ्याव्या लागल्या, आणि अखेर १० जानेवारीला गोठवून ठेवलेला पाच दिवसांचा एकच गर्भ आत सोडला. तो रुजला. दहाव्या आठवड्यापर्यंत त्याच केंद्रात तपासण्या झाल्या आणि नंतर 'आता बाळंतपणासाठी नाव नोंदवा' असे सांगून त्यांनी फाइल हाती दिली.

नव्या रुग्णालयात पहिल्याच भेटीत, माझा रक्तदाब मोजण्याच्याही आधी, फाइलवर लाल शाईने 'आयव्हीएफ, प्रेशस, हाय रिस्क' असे लिहिले गेले. डॉक्टर अनुभवी आहेत आणि बोलायलाही चांगले आहेत, पण बाहेर इतकी गर्दी असते की तीन-चार मिनिटांपलीकडे वेळ मिळत नाही. त्यांनी सांगितलेल्या सूचना अशा, की जिना चढायचा नाही, मे महिन्यात भावाच्या लग्नाला चिपळूणला जायचे नाही, जमल्यास बँकेतून आत्ताच रजा घ्यायची, शक्य तितके पडून राहायचे आणि सदतीस आठवडे पूर्ण होताच, म्हणजे ३१ ऑगस्टला, सिझर करायचे. कारण विचारले तेव्हा "इतक्या कष्टाने राहिले आहे, उगाच जोखीम कशाला घ्यायची?" एवढेच उत्तर मिळाले. माझा रक्तदाब ११०/७० आहे, साखर आणि थायरॉइड ठीक आहेत, हिमोग्लोबिन ११.८ आहे.

याउलट माझ्या जाऊबाईंना पहिल्या खेपेला रक्तदाब वाढल्यामुळे महिनाभर आधी सिझर करावे लागले होते. आता त्यांना दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत, त्या त्याच रुग्णालयात जातात आणि त्यांच्या फाइलवर लाल शाईचा ठिपकासुद्धा नाही, कारण त्यांचे दिवस 'आपसूक' राहिले आहेत. घरी सासूबाई मला पाण्याचा तांब्या उचलू देत नाहीत आणि जाऊबाई मात्र धुणे वाळत घालतात. हे पाहून मला आनंद होण्याऐवजी संकोच वाटतो, आणि रात्री भीतीही वाटते की आपल्याला काहीतरी आहे आणि ते आपल्याला कोणी नीट सांगत नाही.

केवळ आयव्हीएफ झाले या एका कारणावरून गर्भारपण जोखमीचे ठरते का? ठरत असल्यास नेमकी कोणती जोखीम वाढते, त्यासाठी कोणत्या तपासण्या जास्तीच्या कराव्या लागतात आणि सिझरला पर्याय असतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. डॉक्टरांना न दुखवता हे कसे विचारावे, हेही कोणी सुचवले तर बरे होईल.

हिशेबनीस:

मी डॉक्टर नाही, पण आमच्याकडेही अशाच मार्गाने मुलगी झाली असल्यामुळे तुमच्या तारखा वाचून थबकलो. पाच दिवसांच्या गर्भाचे ट्रान्सफर असेल तर त्या तारखेत २६१ दिवस मिळवले की प्रसूतीची अपेक्षित तारीख येते. तीन दिवसांचा गर्भ असेल तर २६३ मिळवतात. १० जानेवारीपासून २६१ दिवस मोजले तर २८ सप्टेंबर येते. ३१ ऑगस्टला सदतीस आठवडे पूर्ण होतात असे रुग्णालय म्हणते, याचा अर्थ त्यांनी २१ सप्टेंबर ही तारीख धरली आहे, आणि ती बहुधा शेवटच्या पाळीवरून काढली असावी. तुमच्या बाबतीत अस्तरासाठी गोळ्या लांबल्या होत्या, म्हणून पाळीवरून काढलेली तारीख आठवडाभर अलीकडे सरकली असणार. ट्रान्सफरवरून पाहिले तर ३१ ऑगस्टला तुमचे छत्तीसच आठवडे होतात. बाकी सर्व चर्चा नंतर करा, आधी हे दुरुस्त करून घ्या.

सूतिका:

मी स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ आहे. मात्र तुमची तपासणी मी केलेली नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण माहिती म्हणूनच वाचावे. हिशेबनीस यांनी मांडलेला हिशेब बरोबर आहे. आयव्हीएफमध्ये गर्भाचे वय दिवसागणिक ठाऊक असते, म्हणून पाळीची तारीख बाजूला ठेवून ट्रान्सफरचीच तारीख धरावी. केंद्राच्या फाइलमध्ये ती लिहिलेली असते, पण नवे रुग्णालय अर्जात 'शेवटची पाळी' विचारते आणि संगणक पुढची तारीख काढून मोकळा होतो.

आता मूळ प्रश्न. आयव्हीएफनंतरच्या गर्भारपणात काही गुंतागुंती जास्त प्रमाणात आढळतात हे खरे आहे: रक्तदाब वाढणे, मुदतपूर्व प्रसूती, वार खाली असणे, नाळ वारेच्या मधोमध न जोडता कडेला किंवा पडद्यात जोडलेली असणे. परंतु हा शिक्का जितका एकजिनसी दिसतो तितका तो नसतो. यातील मोठा वाटा जुळ्या-तिळ्यांचा होता. पूर्वी दोन-तीन गर्भ एकदम सोडले जात आणि त्यांतून मुदतपूर्व बाळंतपणे होत. तुमच्या पोटात एकच गर्भ आहे. काही वाटा मूळ कारणाचा असतो, म्हणजे आईचे वय, पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोन-विकार), एंडोमेट्रिऑसिस (अस्तर गर्भपिशवीबाहेर वाढणे), गर्भपिशवीतील गाठी. तुमच्या बाबतीत कारण यजमानांकडचे आहे, त्यामुळे हाही भार तुमच्यावर नाही. दात्याचे स्त्रीबीज वापरले असेल तर रक्तदाबाचा धोका स्पष्टपणे वाढतो. ते तुम्हाला लागू असल्याचे तुमच्या लिहिण्यातून दिसत नाही.

तुम्हाला जी गोष्ट लागू पडते ती निराळीच आहे आणि ती तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. नेहमीच्या पाळीत स्त्रीबीज सुटल्यावर अंडाशयात कॉर्पस ल्युटियम नावाची पिवळी ग्रंथी तयार होते आणि सुरुवातीच्या आठवड्यांत ती प्रोजेस्टेरॉनबरोबर रक्तवाहिन्या सैलावणारी द्रव्येही सोडते. गोळ्या देऊन अस्तर वाढवले की त्या महिन्यात बहुधा स्त्रीबीज सुटतच नाही, त्यामुळे ती ग्रंथीही नसते. प्रोजेस्टेरॉन आपण बाहेरून देतो, बाकीची द्रव्ये देत नाही. अशा पद्धतीच्या गोठवलेल्या ट्रान्सफरनंतर गरोदरपणातील रक्तदाबाचा विकार अधिक दिसतो, आणि त्यामागे हे एक कारण असावे असे मानले जाते. म्हणून तुमच्या फाइलवरच्या त्या तीन शब्दांपेक्षा 'रक्तदाबावर लक्ष' हे दोन शब्द मला जास्त उपयोगाचे वाटले असते.

यावरून तो विकार टाळण्यासाठी देतात त्या कमी मात्रेच्या अॅस्पिरिनचा मुद्दा निघतो आणि तो तातडीचा आहे, कारण ही गोळी बाराव्या आठवड्यानंतर आणि शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तर तिचा खरा उपयोग होतो. कोणाला द्यायची याबाबत मात्र जगात एकवाक्यता नाही. अमेरिकेतील २०२१ च्या शिफारशीत आयव्हीएफ हा मध्यम जोखमीचा घटक धरला आहे आणि पहिलेपणही. असे दोन घटक एकत्र आले की गोळी सुचवतात, म्हणजे तुम्ही त्यात बसता. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेच्या यादीत आयव्हीएफ नाही, त्यामुळे तिथे तुमच्या नावावर पहिलेपण हा एकच घटक राहिला असता. 'फिगो' ही जागतिक संघटना अकरा ते चौदा आठवड्यांदरम्यान रक्तदाब, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी आणि रक्तचाचणी यांवरून धोका काढायला सांगते, आणि तो जास्त आला तर रात्री १५० मिलिग्रॅम द्यायला सांगते. तुमच्या डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा. गोळी मनाने सुरू करू नका.

तपासण्यांचे म्हणाल तर अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान सविस्तर सोनोग्राफी करावी, तिच्यात वार कुठे आहे आणि नाळ वारेला कुठे जोडली आहे हे आवर्जून पाहायला सांगावे. वार खाली असेल तर गर्भपिशवीच्या तोंडावरून नाळेच्या रक्तवाहिन्या जात नाहीत ना, हेही पाहावे लागते. ही गोष्ट क्वचित आढळते, पण आधी कळली तर बाळ वाचते. बाळाच्या हृदयाची इको तपासणी अमेरिकेत आयव्हीएफनंतर सुचवतात, आपल्याकडे केंद्रागणिक फरक दिसतो. शेवटच्या तीन महिन्यांत वाढीची एक सोनोग्राफी पुरते, आणि छत्तीस आठवड्यांपासून आठवड्यातून एकदा बाळाच्या ठोक्यांची नोंद घ्यावी, असे अमेरिकेतील माता-गर्भ वैद्यक संघटनेने २०२२ मध्ये म्हटले आहे. डबल मार्कर चाचणी (बाळातील गुणसूत्रदोषांचा अंदाज देणारी रक्तचाचणी) झाली असेल तर अर्जावर आयव्हीएफची नोंद आणि गर्भ गोठवला तेव्हाचे तुमचे वय लिहिले होते का, तेही पाहा. ते चुकले तर निकाल चुकतो.

पडून राहण्याला शास्त्रीय आधार नाही. उलट त्याने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, स्नायू शिथिल होतात आणि मन खचते. वार जागेवर असेल आणि रक्तस्राव नसेल तर चिपळूणचा प्रवास मध्ये थांबत, पाय मोकळे करत होऊ शकतो; अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचा. आणि केवळ आयव्हीएफ आहे म्हणून सिझर करावे अशी शिफारस मला तरी कुठे आढळलेली नाही. एकोणचाळीस आठवड्यांच्या आधी कारणाशिवाय सिझर केले तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याचे प्रमाण वाढते. तुमच्या बाबतीत तर ते छत्तिसाव्यालाच झाले असते.

जाऊबाईंबद्दल वेगळे लिहिते. आधीच्या खेपेला रक्तदाबामुळे लवकर प्रसूती झालेली असणे हा जवळजवळ प्रत्येक यादीत सर्वांत वरच्या घटकांपैकी एक आहे. लाल शाई आधी त्यांच्या फाइलवर हवी होती. त्यांना किती आठवडे झाले आहेत?

शतावरी:

दुसरी बाजूही लिहावीशी वाटते. मला दोन गर्भ सोडले होते आणि दोन्ही राहिले. तेव्हा तो 'हाय रिस्क' शब्द मला अपमानासारखा वाटे. चौतिसाव्या आठवड्यात पाणी गेले, मुले अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. आधीच त्या शिक्क्यामुळे मी एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असलेल्या रुग्णालयात नाव नोंदवले होते, म्हणून रात्री दोन वाजता रुग्णवाहिका शोधत फिरावे लागले नाही. शिक्क्याचा राग करू नका. त्याच्यापुढे कारण लिहायला लावा. आणि तुमच्या रुग्णालयात नवजात बाळांची सोय आहे का, एवढे विचाराच.

दूरदेशी:

मी मँचेस्टरला असते. इथे बाळंतपणाची बहुतेक देखभाल मिडवाइफ करतात आणि गरज पडली तरच डॉक्टरांकडे नेतात. माझे आयव्हीएफ असूनही एकच बाळ आणि बाकी सर्व ठीक म्हणून मला मिडवाइफकडेच ठेवले. पलीकडच्या भागात राहणाऱ्या मैत्रिणीला मात्र त्याच कारणावरून पहिल्या दिवसापासून डॉक्टरांकडे पाठवले. म्हणजे इथेही रुग्णालय बदलले की उत्तर बदलते. २०२१ मध्ये 'नाइस'च्या मसुद्यात आयव्हीएफ झालेल्या स्त्रियांना एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा आणण्याचा विचार करावा असे सुचवले होते. त्यावर बराच विरोध झाला आणि नोव्हेंबरमधील अंतिम पुस्तिकेतून ते वाक्य गेले. आईला हे फोनवर सांगितले तर तिला पटेना. तिच्या मनात अजून १९८६ सालचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातले ते पहिले टेस्ट ट्यूब बाळ आहे, वर्तमानपत्रात फोटो आलेले. ती मुलगी २०१६ मध्ये स्वतः आई झाली हे सांगितल्यावर जरा नरमली.

डॉक्टरांशी बोलण्याबद्दल माझा अनुभव असा, की "का?" विचारले तर समोरच्याला जाब विचारल्यासारखे वाटते. "माझ्या बाबतीत नेमक्या कोणत्या गोष्टीवर लक्ष ठेवायचे, म्हणजे मीही घरी ठेवीन," असे विचारले की तेच डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बोलतात.

गोदाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. काल जाऊन आले. आयव्हीएफ केंद्राची फाइल सोबत नेली आणि ट्रान्सफरच्या तारखेवर खूण करून समोर ठेवली. डॉक्टरांनी दोनदा मोजले, "हे आधी दाखवायला हवे होते" असे म्हणाले (फाइल पहिल्या भेटीतही हातातच होती, पण ते असो) आणि २१ खोडून २८ सप्टेंबर लिहिले. रक्तदाबाचे विचारल्यावर त्यांनी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी करायला सांगितली आणि रात्रीची अॅस्पिरिन आजपासून सुरू केली. सविस्तर सोनोग्राफीसाठी ११ मे ही तारीख मिळाली, तेव्हा वीस आठवडे होतील. एनआयसीयू त्यांच्याकडे नाही. गरज पडल्यास जिथे पाठवतात त्या रुग्णालयाचे नाव त्यांनी लिहून दिले आहे आणि तिथेही आगाऊ नोंद करून ठेवा असे सुचवले. सिझरबद्दल "छत्तिसाव्या आठवड्यात पाहू" असे म्हणाले. जिन्याची बंदी उठली, लग्नाचे उत्तर सोनोग्राफीनंतर मिळेल.

सूतिका ताई, जाऊबाईंना तेरावा आठवडा आहे. त्यांना सोबत नेले होते आणि तुमचा शेवटचा परिच्छेद फोनवर वाचून दाखवला होता. मागच्या खेपेचे डिस्चार्ज कार्ड त्यांच्या माहेरी होते, ते भावाकडून मागवले आणि डॉक्टरांपुढे ठेवले. त्यांनाही गोळी सुरू झाली असून दर पंधरा दिवसांनी रक्तदाब तपासायला बोलावले आहे. लाल शाई आता त्यांच्या फाइलवरही आहे, आणि आज सकाळी धुणे सासूबाईंनी वाळत घातले.