मदत हवी आहे: आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरना बाहेरचा प्रिंटर दिसत नाही

नमस्कार मंडळी, ऐरोलीत माझ्या ताईचं जीएसटी-अकाउंटचं छोटं ऑफिस आहे, दोन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि एक लेझर प्रिंटर जो यूएसबीने ताईच्या मशीनला लावलाय. बाकीच्यांना प्रिंट काढायची तर पेनड्राइव्ह घेऊन ताईला उठवायचं, आणि २० तारीख जवळ आली की ३बी (जीएसटीचं रिटर्न) भरायच्या गडबडीत तिला स्वतःचं काम करायलाच मिळत नाही, म्हणून मी म्हटलं नेटवर्क करून देतो. मी या लाइनमधला नाही, वाचून वाचून केलंय.

राउटर बाहेरच्या खोलीत, तिथले दोन कॉम्प्युटर वायफायवर. आत रेंज धड येत नाही (मधे जाड भिंत आहे) म्हणून आठ पोर्टचा स्विच (बऱ्याच केबल एकमेकांना जोडायचा डबा) आणून आतले दोन केबलने त्याला जोडले. आता आतले दोघं एकमेकांच्या फाइली उघडतात, बाहेरचे दोघं पण एकमेकांच्या उघडतात, पण आतून बाहेरचं काहीच दिसत नाही आणि इंटरनेटही नाही. आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) बाहेर १९२.१६८.१.४ आणि १.५, आत मात्र १६९.२५४ ने सुरू होणारे. स्विचचे लाइट लुकलुकतात. स्विच बदलून आणू का? आणि पावसात इथे इंटरनेट तासन्‌तास जातं, तेव्हा प्रिंटिंग पण बंद पडणार का?

प्रतिसाद:
स्विच ठणठणीत आहे, बदलू नका. १६९.२५४ म्हणजे कॉम्प्युटरने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, मग त्याने स्वतःच एक घेतला. पत्ते वाटायचं काम (डीएचसीपी) तुमच्याकडे राउटर करतो, स्विच नुसता डेटा ज्याच्या त्याच्या पोर्टवर पोचवतो. आतल्या दोघांचे पत्ते एकाच गटातले म्हणून ते आपसात बोलतायत. राउटरपासून स्विचपर्यंत वायर टाकलीय का, तुमच्या लिहिण्यात ती कुठे दिसली नाही. राउटरच्या लॅन (म्हणजे ऑफिसपुरतं नेटवर्क) पोर्टातून टाका, वॅनमध्ये नको, तिथे बाहेरून येणारी लाइन असते. कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल घ्या, चांगल्या तांब्याची, १०० मीटरपर्यंत काही प्रॉब्लेम नाही, फक्त लाइटच्या वायरींच्या पाइपातून ओढू नका. इंटरनेट गेलं तरी लॅन चालू राहतं, राउटर आणि स्विचला वीज मिळाली म्हणजे झालं, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. प्रिंटर मात्र ताईंच्या मशीनमधून शेअर होणार त्यामुळे ते मशीन चालू पाहिजे. पुढे नवीन घ्याल तेव्हा लॅन पोर्टवाला प्रिंटर बघा.

धागाकर्ता:
खरंच ती वायर नव्हतीच! मला वाटलं एकाच ऑफिसात वायफाय आहे म्हणजे स्विचला ते आपोआप मिळत असेल. आज सकाळी दाराच्या चौकटीवरून केबल नेली, लगेच आत १.६ आणि १.७ आले. प्रिंटर शेअर करताना विंडोजने पासवर्ड मागितला तेव्हा ताईच्या मशीनवर वेगळा युजर करून दिला. मग मुद्दाम इंटरनेटची लाइन काढून आतून एक चलन छापायला लावलं, आलं व्यवस्थित. मनापासून आभार, आता इन्व्हर्टरचं बघतो.