मदत हवी आहे: हिरा कोणत्या देशातला आहे हे खात्रीने कळू शकतं का?

नमस्कार मंडळी,

अंगठीसाठी एक हिरा घ्यायचा आहे, साधारण पाऊण कॅरटचा, खाणीतला. आम्हा दोघांची अट एकच आहे: ज्या पैशातून कुणाचे हात तोडले गेले, कुणाचं गाव जाळलं गेलं, त्यात आपला एक रुपयाही नसावा. नव्वदच्या दशकात सिएरा लिओन आणि अंगोलामध्ये बंडखोरांनी हिरे विकून शस्त्रं घेतली, हे वाचल्यापासून नुसतं 'छान चमकतोय' म्हणून हिरा घेणं आमच्याने होणार नाही.

एक हिरा पसंत पडला आहे. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे तो बोट्सवानाचा. सोबतच्या लॅब रिपोर्टवर वजन, रंग, क्लॅरिटी, कट, फ्लुरोसन्स, मिलिमीटरमधली मापं असं सगळं आहे. देशाचं नाव मात्र कुठेच नाही. तसं विचारल्यावर 'किंबर्ली सर्टिफाइड आहे, निर्धास्त राहा' एवढंच उत्तर मिळालं.

माणिक, नीलम, पाचू यांच्या रिपोर्टवर म्यानमार, काश्मीर, कोलंबिया असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. मग हिऱ्याच्या बाबतीत काय अडतं? एखाद्या लॅबकडे हा हिरा पाठवून 'हो, बोट्सवानाचाच' असं लिहून मिळेल का? आणि ते किंबर्लीचं सर्टिफिकेट मला बघायला मागता येतं का? जाणकारांनी कृपया सांगावं. बिल अजून केलेलं नाही.

प्रतिसाद १

रत्नपरीक्षा शिकले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पैलू पाडलेला एकटा हिरा समोर ठेवून त्याचा देश सांगणं आज कोणत्याही लॅबला जमत नाही. यंत्र कितीही महागडं असो.

पाचू किंवा माणिक पृथ्वीच्या कवचात तयार होतं. तिथला खडक जागोजागी वेगळा असतो आणि त्याच्या खुणा रत्नाच्या पोटात राहतात. कोलंबियाचा पाचू सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बऱ्याचदा करवतीसारख्या कडांची एक पोकळी दिसते. तिच्यात खारं पाणी, त्यात वायूचा एक बुडबुडा आणि शेजारी मिठाचा इवलासा चौकोनी स्फटिक. एकदा पाहिलं की विसरत नाही. हिऱ्याचं तसं नाही. बहुतेक हिरे जमिनीखाली 150 ते 200 किलोमीटरवर तयार झाले, तेही अब्जावधी वर्षांपूर्वी. आफ्रिका, सायबेरिया, कॅनडा, जुन्या खंडांच्या तळाशी इतक्या खोलवर परिस्थिती जवळपास सारखीच. त्यात हिरा म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन. इतर मूलद्रव्यं इतकी नाममात्र की मोजणंच जिकिरीचं, आणि मोजली तरी एका खाणीचे आकडे दुसरीच्या आकड्यांत मिसळतात. उलट एकाच खाणीत वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या जातीचे हिरे निघतात.

कच्च्या हिऱ्याच्या अंगावर थोडंफार लिहिलेलं असतं. नदीच्या वाळूतून आलेल्याच्या पृष्ठभागावर घासल्याच्या, आपटल्याच्या खुणा असतात, कधी किरणोत्सारामुळे पडलेले हिरवे-तपकिरी ठिपके. एका खाणीचा अख्खा न निवडलेला माल समोर ओतला तर मुरलेला माणूस आकार, रंग, घडण बघून खाण ओळखूही शकतो. पण त्यातला एकच खडा उचलून दिला तर तोही छातीठोक बोलणार नाही. आणि हिरा पैलू पाडायच्या चाकावर चढला की ती कातडी जाते.

प्रतिसाद २

किंबर्लीबद्दल मी सांगतो. बंडखोरांना पैसा पुरवणारे हिरे बाजारात येऊ नयेत म्हणून देशादेशांनी मिळून केलेली ही व्यवस्था 1 जानेवारी 2003 पासून लागू झाली आणि ती फक्त कच्च्या हिऱ्यांसाठी आहे. सर्टिफिकेट सरकारकडून निर्यातीच्या मोहोरबंद पेटीला मिळतं, एकेका खड्याला नाही. पेटीत निरनिराळ्या देशांचा माल मिसळलेला असला तर तसं नमूद करून ती पुढे जाऊ शकते. पैलू पाडले की त्या कागदाचा प्रवास संपला. त्यामुळे घासलेल्या एका हिऱ्याला 'किंबर्ली सर्टिफाइड' म्हणणं चुकीचंच, आणि तुम्हाला दाखवण्यासारखं सर्टिफिकेट विक्रेत्याकडे नसणार.

तुमच्या अटीच्या दृष्टीने त्याहून मोठी उणीव व्याख्येत आहे. बंडखोर संघटना सरकारविरुद्धच्या लढाईसाठी ज्यावर पैसा उभा करतात तेवढेच 'संघर्षातले हिरे' धरले जातात. 2008 मध्ये झिम्बाब्वेच्या मारांगे भागात सरकारी फौजांनीच खाणकामगारांवर गोळ्या चालवल्या. ते या व्याख्येत बसत नव्हतं. ग्लोबल विटनेस ही संस्था या व्यवस्थेच्या उभारणीत होती, 2011 मध्ये तीच बाहेर पडली.

प्रतिसाद १ (पुन्हा)

मग मार्ग काय? खड्याला विचारू नका, त्याच्या कागदांना विचारा, आणि ते कागद कच्च्या अवस्थेपासूनचे हवेत. जीआयए या अमेरिकी रत्नपरीक्षण संस्थेचा देश नोंदवणारा रिपोर्ट असाच बनतो: हिरा आधी कच्चा असताना, खाणीच्या कागदपत्रांसकट तपासायचा, त्याच्या अंतर्गत खुणा नोंदवायच्या आणि पैलू पाडून परत आला की तोच तो का हे जुळवायचं. डी बिअर्स या मोठ्या हिरे कंपनीची ट्रेसर ही माग ठेवणारी प्रणालीही खाणीपासूनच नोंद सुरू करते. कॅनडाच्या काही हिऱ्यांची साखळीही अशीच राखली जाते. सुरुवातीची नोंद झालीच नसेल तर मागाहून ती कुणालाही करता येत नाही.

सरकारांनाही दुसरा उपाय सापडलेला नाही. रशियाच्या हिऱ्यांवर जी-7 देशांनी बंदी घातली, तिसऱ्या देशात घासलेल्या मालालाही ती लागू केली, आधी 1 मार्च 2024 पासून एक कॅरट व त्याहून मोठ्या आणि मग 1 सप्टेंबरपासून अर्ध्या कॅरटपासूनच्या हिऱ्यांना. तिथेही पुरावा म्हणून चालतात ते कागदच.

विक्रेत्याकडून देशाचं नाव बिलावर लिहून मागा, 'कॉन्फ्लिक्ट फ्री' एवढ्यावर भागवू नका. रिपोर्टचा नंबर लॅबच्या साइटवर स्वतः टाकून बघा. हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने कोरलेला नंबर दहापट भिंगातून वाचा. मात्र तो नंबर पुसताही येतो आणि दुसऱ्या खड्यावर कोरताही येतो, म्हणून वजन आणि मापंही ताडून पाहा.

प्रतिसाद ३

धागा पळवत नाही, पण एक विचारू का? माझ्याकडच्या हिऱ्याच्या रिपोर्टवर 'टाइप टू-ए' असं आहे आणि देणाऱ्याने तो गोवळकोंड्याचा म्हणून दिला होता. हा पुरावा धरायचा का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

नाही. टू-ए म्हणजे नायट्रोजन जवळजवळ नसलेला हिरा. गोवळकोंड्याचे अनेक नामांकित हिरे तसे होते, हे खरं. पण लेसोथोचं लेत्सेंग, बोट्सवानाचं कारोवे, दक्षिण आफ्रिकेतलं कलिनन इथूनही टू-ए निघतात. आणि सीव्हीडी पद्धतीने, म्हणजे वायूतल्या कार्बनचे थर चढवून, प्रयोगशाळेत वाढवलेले बहुतेक हिरे टू-एच असतात. तेव्हा आधी तो नैसर्गिक असल्याची नोंद रिपोर्टवर आहे का ते बघा. हे मात्र लॅबला नक्की सांगता येतं, कारण वाढीच्या खुणा वेगळ्या दिसतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. विक्रेत्याला लेखी विचारलं. उत्तर आलं: 'बोट्सवाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका किंवा कॅनडा.' आधी एक देश, आता चार. फसवतोय का तो?

प्रतिसाद २ (पुन्हा)

तसं लगेच म्हणू नका. डी बिअर्सने वर्षानुवर्षं या चार देशांतला आपला कच्चा माल एकत्र करून, आकार आणि प्रतीप्रमाणे वाटून विकला आहे. तिथून आलेल्या खड्याबद्दल प्रामाणिक माणूस एवढंच लिहू शकतो. तोंडी 'बोट्सवाना' सांगणं गैर होतं, लेखी उत्तर जास्त खरं वाटतं. आता ते चार देश कशाच्या आधारे लिहिले, कच्चा माल पुरवणाऱ्याचं इन्व्हॉइस आहे का, हे विचारा. ते दाखवलं आणि चारही देश तुम्हाला चालत असतील तर घ्या. एकाच देशाचं नाव हवं असेल तर हा खडा सोडा आणि कच्च्यापासून नोंद असलेला दुसरा मागा.