शब्दचर्चा : सहा इंचांच्या 'आत' की सहा इंचां'पर्यंत'? आणि कॉम्बोला मराठीत काय म्हणावं?

भाच्यासाठी आणि त्याच्या तीन मित्रांसाठी 'वॉरहॅमर ४०,०००'चे मुख्य नियम मराठीत उतरवतोय. रंगवलेल्या छोट्या सैनिकांच्या तुकड्या टेबलावर मांडायच्या, इंची टेपने अंतर मोजायचं, फासे टाकून निकाल लावायचा, असा हा युद्धखेळ. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने तो १९८७ साली आणला. माझ्याकडे २०१७ची आठवी आवृत्ती आहे, म्हणून तीच घेतली.

रविवारी पहिल्याच डावात माझं मराठी अडलं. मी लिहिलं होतं : 'कप्तानाच्या सहा इंचांच्या आत असलेल्या तुकडीने नेम धरताना एक पडला, तर तो फासा पुन्हा टाकावा.' भाच्याची दहा जणांची तुकडी भिंतीला लागून लांबच लांब पसरलेली. मित्राने टेप धरला. सर्वांत जवळच्या शिपायाच्या बैठकीची, म्हणजे पायाखालच्या चकतीची, कड बरोबर सहाच्या रेघेला टेकलेली. मित्र म्हणाला, "सहावर आहे, सहाच्या आत नाही." भाचा माझ्याकडे वळला, "मामा, सहा म्हणजे आतच ना?"

खेळात ही मर्यादा धरूनच मोजतात, म्हणजे नेमके सहा इंच चालतात. पण मराठीने मित्राचीच बाजू घेतली. 'दहाच्या आत घरी ये' असं आई म्हणते तेव्हा दहाच्या ठोक्याला दारात उभं राहणं म्हणजे उशीरच. 'दहापर्यंत ये' म्हटलं तर दहा चालतात. मला 'पर्यंत' हवं होतं आणि मी 'आत' लिहून बसलो.

दुसरा घोळ 'तुकडी'चा. एक शिपाई मर्यादेत आला की अख्ख्या तुकडीला फायदा मिळतो. सगळेच्या सगळे आत हवे असतील तर मूळ नियम तसं वेगळं सांगतो. 'तुकडी आत असली तर' हे वाचताना मात्र मराठी डोळ्यांपुढे सगळी तुकडीच येते.

तर माझे दोन प्रश्न. अशा नियमाला संदिग्ध म्हणायचं, द्व्यर्थी की मोघम? मी हे शब्द आजवर एकमेकांच्या जागी वापरत आलो, आता ते जमेना. आणि दोन-तीन तुकड्या एकमेकींच्या जोरावर भलत्याच भारी पडतात, त्या कॉम्बोला काय म्हणावं?

प्रतिसाद १

तिन्ही शब्द वेगळे ठेवा. 'द्व्यर्थी'मध्ये दोन अर्थ असतात आणि दोन्ही स्वच्छ दिसतात. 'मोघम'मध्ये अर्थ एकच, पण त्याच्या कडा आखलेल्या नसतात. 'झाडीआड असलेला शिपाई' म्हटलं की किती आड? 'संदिग्ध'चा संबंध संदेहाशी, म्हणजे वाचणाऱ्याच्या मनाशी. म्हणून संदिग्ध हा मोठा शब्द आणि बाकीचे दोन त्याची कारणं, असं मला वाटतं.

आणि मुद्दाम भलता अर्थ काढणाऱ्यासाठी आपल्याकडे दोन हजार वर्षांचा जुना शब्द आहे : छल. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, त्याचे तीन प्रकार सांगितलेत. त्यातला वाक्छल म्हणजे 'हा नवकंबल आहे' यावर 'कुठे आहेत नऊ कांबळी, एकच तर दिसतंय' असं म्हणणं. बोलणाऱ्याच्या मनात 'नव' म्हणजे नवं. उपचारछल म्हणजे 'मचाणं ओरडताहेत' म्हटल्यावर 'लाकूड कसं ओरडेल' असं अडवणं. ओरडतात ती मचाणावरची माणसं. तुमच्या खेळाडूंचा वाद बहुधा या दुसऱ्या जातीचा असावा.

प्रतिसाद २

एवढं कशाला? आम्ही याला रडीचा डाव म्हणायचो. कॉम्बोलाही तेच म्हणा, नाहीतर 'पळवाट' आहेच. 'साटंलोटं'ही चालेल.

धागाकर्ता

उपचारछल अगदी नेमका बसतो. याच आवृत्तीतलं उदाहरण देतो. एक नियम सांगतो, की जी तुकडी या पाळीत जादा धाव घेईल तिला नेमबाजीसाठी निवडता येणार नाही. दुसरा सांगतो, असॉल्ट जातीचं शस्त्र असलेला शिपाई धाव घेऊनही ते चालवू शकतो, फक्त नेम थोडा चुकतो. अक्षरश: वाचलं तर तुकडी निवडताच येत नाही, मग शस्त्र चालवायची वेळ येणार कधी? दुसरा नियम जन्मतःच मेलेला. खेळाडूंनी यावर खूप वाद घातला. लिहिलंय ते की म्हणायचंय ते, यासाठी त्यांच्यात 'रॉ' (रूल्स ॲज रिटन) आणि 'राय' (रूल्स ॲज इंटेंडेड) असे दोन लघुशब्दच रूढ आहेत. पण टेबलावर सगळे ते शस्त्र चालवतच होते.

मी मुलांना हे व्याकरणातून समजावलं. पाणिनीच्या परंपरेत सामान्य नियम तो उत्सर्ग, खास नियम तो अपवाद, आणि अपवाद उत्सर्गाला बाधतो. बाध झाला नाही तर अपवाद सांगायचं प्रयोजनच उरत नाही. आठवीतल्या मुलांना ते एका मिनिटात पटलं. म्हणून रॉ आणि राय यांना 'शब्दार्थ' आणि 'आशय' म्हणावं असं माझ्या मनात आहे.

'रडी' आणि 'पळवाट' मात्र कॉम्बोला लावू नका, ही कळकळीची विनंती. रडीत खेळणारा नियम मोडतो किंवा हरल्यावर नाकारतो. पळवाटेत नियमाला भोक असतं. साट्यालोट्यात तर आपापसात लबाडी असते. कॉम्बोत यातलं काहीच नसू शकतं.

२०१८ मधलं 'लॉयल थर्टी-टू' घ्या. इम्पीरियल गार्ड या खेळातल्या सैन्याचे दोन अधिकारी आणि दहा-दहा शिपायांच्या तीन तुकड्या, एकूण बत्तीस. दोन हजार पॉइंटांच्या फौजेत त्यांची किंमत १८० च्या आसपास. एवढ्यावर बटालियन नावाचं पथक पुरं व्हायचं आणि त्या एप्रिलपासून बटालियनमागे तीनऐवजी पाच कमांड पॉइंट, म्हणजे खास डावपेचांवर खर्चायचे गुण, मिळू लागले. हे कमांड पॉइंट फौजेच्या सामाईक गल्ल्यात जमा व्हायचे आणि खर्च करायचा शेजारी उभा असलेला कॅस्टेलन नावाचा अवाढव्य यंत्रयोद्धा. बत्तीस जण कोपऱ्यात उभे, राक्षस मैदानात. यात एकही शब्द द्व्यर्थी नव्हता, एकही नियम मोघम नव्हता. नियम लख्ख होता, भाव चुकला होता. ज्याने ही फौज मांडली त्याने नीट वाचून गणित केलं, त्याला रडीचा म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

माझ्या मनात शब्द आहे 'मेतकूट'. डाळी, तांदूळ, गहू वेगवेगळे भाजायचे. मेथी एकटी चाखली तर कडू. दळून एकत्र आलं की मऊ भातावर दुसरं काही लागत नाही. 'त्या दोघांचं मेतकूट जमलंय' हे आपण म्हणतोच. 'बत्तिशी आणि कॅस्टेलनचं मेतकूट' हे मुलांना न समजावता कळलं.

प्रतिसाद ३

मेतकूट छान, पण त्यात थोडा गोडवा आहे. हरलेल्याला तो शब्द आवडणार नाही. 'जोडगोळी' कसा वाटतो? शब्दातच गोळी आहे. फक्त दोनच तुकड्यांना चालेल ही अडचण.

एक भर. नंतर कंपनी जे प्रसिद्ध करते त्यालाही तीन शब्द हवेत. चुकलेलं छापील वाक्य सुधारणं हे शुद्धिपत्र. आहे त्याच वाक्याचा अर्थ सांगणं हा खुलासा. नियम बदलणं ही दुरुस्ती, कायद्यात होते तशी. एप्रिल २०१८ मध्येच स्पर्धांसाठी सूचना आली, की दोन हजार पॉइंटांच्या खेळात एकाच जातीच्या तीनपेक्षा जास्त तुकड्या नकोत (साध्या शिपायांच्या तुकड्या आणि त्यांना नेणारी वाहनं सोडून). हा खुलासा नव्हे. तुमची बत्तिशीही खुलाशाने गेली नाही. २०२० च्या नवव्या आवृत्तीत दोघांनाही सुरुवातीलाच सारखे कमांड पॉइंट आणि जादा पथक घ्यायचं तर उलट त्यातूनच खर्च, अशी दुरुस्ती झाली.

प्रतिसाद १

पंच ठेवा की. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात रायस्वित्झचा 'क्रीगश्पील' हा युद्धखेळ आला तेव्हा त्यात पंच होताच. पुढे नियम आणि तक्ते इतके वाढले, की १८७६ मध्ये वेर्दी द्यु वेर्नुआ या अधिकाऱ्याने ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवायची पद्धत मांडली.

धागाकर्ता

पंच मीच आहे, पण मुलं माझ्याशिवायही खेळणार, म्हणून कागद नेटका हवा. शुद्धिपत्र, खुलासा, दुरुस्ती हे तिन्ही जसेच्या तसे उचलले. 'मेतकूट' ठेवतोय, भाच्याचा मित्र कालच अशा मेतकुटापुढे हरला आणि तरी तोच शब्द वापरत होता.

कप्तानाचं वाक्य आता असं केलंय : 'तुकडीतला एक जरी शिपाई कप्तानापासून सहा इंचांपर्यंत असला (नेमके सहा चालतील), तरी त्या सबंध तुकडीला नेमाच्या फाशांवर पडलेले एक पुन्हा टाकता येतील.' लांब झालंय, पण टेप धरून तीनदा तपासलं. यात 'कप्तानापासून' म्हणजे त्याच्या बैठकीच्या कडेपासून, हे पुन्हा लिहावं की सुरुवातीला एकदा सांगितलेलं पुरे?